ओढलं की घट्ट

एप्रिल उजाडला की पुण्यात उन्हाळी लागल्याच्या तक्रारी सुरू होतात. दुपारचं ऊन, दुचाकीवरची धावपळ, आणि बाहेर धड स्वच्छतागृह सापडत नाही म्हणून दिवसभर मुद्दाम कमी प्यायलेलं पाणी. संध्याकाळी लघवीला जळजळ होते. घरातलं मोठं माणूस धण्याजिऱ्याचं पाणी देतं, सब्जा भिजत घालतं आणि सांगतं, "भरपूर पाणी पी, सगळं धुऊन निघेल." जळजळ निव्वळ पाणी कमी पडल्याची असेल तर तेवढ्यावर भागतं. पण मागे जिवाणूंचा संसर्ग असेल, तर बहुतेक वेळा तो ई. कोलायचा असतो, आणि ई. कोलायच्या बाबतीत "धुऊन निघेल" या शब्दांपाशी माझं मन दर वेळी अडखळतं. हा जिवाणू ज्या प्रथिनाने मूत्राशयाच्या अस्तराला धरतो, ते प्रथिन प्रवाहाने ओढलं गेलं की सैल पडत नाही, उलट अधिक घट्ट धरतं.

पाणी पिऊ नये असा याचा अर्थ अजिबात नाही. 2018 साली एक चाचणी प्रसिद्ध झाली. एरवी कमी पाणी पिणाऱ्या आणि वारंवार संसर्ग होणाऱ्या 140 स्त्रियांपैकी निम्म्यांनी रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायलं. वर्षभरात त्यांना सरासरी 1.7 वेळा त्रास झाला, बाकीच्यांना 3.2 वेळा. म्हणजे आजीचा सल्ला खराच आहे. जे जिवाणू अजून चिकटलेले नाहीत ते वाहून जातात, संख्या वाढायला वेळ मिळत नाही. पण जे चिकटले आहेत त्यांची गोष्ट वेगळी. ती समजून घ्यायची तर त्या प्रथिनाची घडण जवळून पाहावी लागते, आणि पाहताना एक चूक टाळावी लागते. या क्षेत्रातल्या शहाण्या माणसांनाही त्या चुकीने बरीच वर्षं चकवलं होतं.

ई. कोलायच्या अंगावर काहीशे केस असतात, त्यांना पिलाय किंवा फिम्ब्री म्हणतात. इथे ज्यांच्याविषयी बोलतोय ते टाइप-1 पिलाय. एक पिलस साधारण 7 नॅनोमीटर जाड आणि एक-दोन मायक्रोमीटर लांब, म्हणजे जवळपास जिवाणूच्याच लांबीचा. त्याचा मुख्य दांडा फिमए या एकाच प्रथिनाच्या हजारभर किंवा त्याहून जास्त प्रतींचा, स्प्रिंगसारखा गुंडाळलेला. दांड्याच्या पुढे एक बारीक, लवचीक टोक: एक फिमएफ, एक फिमजी आणि अगदी शेवटी एक फिमएच. एवढ्या लांबलचक रचनेत पेशीला धरणारा भाग तो एकच, 279 अमिनो आम्लांचा. बाकी सगळा खटाटोप त्याला योग्य जागी पोचवण्यासाठी आणि धक्के सोसण्यासाठी आहे. जोराचा ओढा आला की फिमएची गुंडाळी उलगडत जाते, दांडा मूळ लांबीच्या कित्येक पट ताणला जातो आणि ओढा ओसरला की पुन्हा गुंडाळतो. त्यामुळे टोकावरच्या पकडीला हिसका बसत नाही.

ही प्रथिनं माळेतल्या मण्यांसारखी एकमेकांत कशी अडकतात, तो भाग मला सगळ्यात देखणा वाटतो. आपल्या प्रतिपिंडांमध्ये जी घडी असते, तशीच सात पट्ट्यांची घडी पिलसच्या प्रत्येक प्रथिनाला हवी असते. पण प्रत्येकात पट्ट्या सहाच. सातवीच्या जागी एक लांब खोबण उघडी राहते आणि तिच्यातून आतला तेलकट गाभा पाण्याला सामोरा येतो. असं प्रथिन एकटं सोडलं तर ते नीट घडी घालू शकत नाही. त्याचे गोळे होतात किंवा पेशीतली प्रोटिएज विकरं ते कापून टाकतात. म्हणून जिवाणूच्या आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन पटलांमधल्या जागेत फिमसी नावाचं मदतनीस प्रथिन थांबलेलं असतं, बूमरँगच्या आकाराचं. ते स्वतःची एक पट्टी त्या खोबणीत घालून ठेवतं. गंमत अशी की ही उसनी पट्टी उलट्या दिशेने बसते. सातवी पट्टी शेजारच्या पट्टीला विरुद्ध दिशेने समांतर हवी, तर फिमसीची त्याच दिशेने समांतर असते. काम चालतं, पण घडी मिटत नाही. प्रथिन ताणलेल्या, अर्धवट अवस्थेत राहतं.

मग पुढचा मणी येतो. त्याच्या सुरुवातीला दहा-वीस अमिनो आम्लांचं एक मोकळं शेपूट असतं. फिमसीने खोबणीतल्या पाच खळग्यांपैकी चार भरलेले असतात, पाचवा मुद्दाम मोकळा ठेवलेला. शेपटाचं एक अमिनो आम्ल आधी त्या पाचव्या खळग्यात शिरतं आणि तिथून चेन सरकत जावी तसं उरलेलं शेपूट एकेक खळगा घेत आत बसतं. त्याच वेळी फिमसीची पट्टी एकेक खळगा सोडत बाहेर पडते. शेपूट योग्य दिशेने बसतं, घडी पूर्ण होते. ती इतकी पक्की होते की झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या गटाने 2008 मध्ये अशी एक जोडी सुटायला लागणारा काळ गणिताने ताणून काढला, तेव्हा उत्तर अब्जावधी वर्षं आलं. दोघांमध्ये एकही सहसंयुज बंध (अणूंनी इलेक्ट्रॉन वाटून घेतलेला पक्का रासायनिक बंध) नाही, हे लक्षात घेतलं की या आकड्याचं वजन कळतं. शिवाय त्या जागेत एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारं रसायन, नसतं. जोडणीला लागणारी ऊर्जा येते ती त्या ताणून ठेवलेल्या अर्धवट घडीतूनच.

फिमएचला असं शेपूट नाही. शेपटाच्या जागी त्याला दुसरं एक अख्खं अंग आहे, ज्याने ते साखरेला धरतं. शेपूट नाही म्हणजे ते कुणाच्या खोबणीत शिरू शकत नाही, म्हणून त्याच्या पुढे कुणी लागूच शकत नाही. साखळीचं टोक तेच राहणार, हे त्याच्या रचनेतच ठरून गेलं. बाहेरच्या पटलात फिमडीचं दार आहे, 24 पट्ट्यांचं पिंप. फिमएच सगळ्यात आधी तिथे येतं, बूच बाजूला सरतं आणि मागोमाग साखळी बाहेर पडत जाते. 2011 मध्ये फिमएच या दारातून निघत असतानाचीच रचना स्फटिकात, म्हणजे प्रथिनाचा स्फटिक करून त्यावर क्ष-किरण टाकून, पकडली गेली.

आता त्या टोकाकडे वळू. फिमएचची दोन अंगं. पुढचं, साधारण 157 अमिनो आम्लांपर्यंतचं, साखर धरणारं. मागचं, खोबणीत फिमजीचं शेपूट घेणारं. पुढच्या अंगाच्या अगदी टोकाला एक छोटा, खोल खळगा आहे आणि त्यात मॅनोज ही साखर बरोबर मावते. मूत्राशयाच्या अस्तरावरच्या युरोप्लाकिन या प्रथिनावर मॅनोजने संपणाऱ्या शर्कराशाखा असतात; तेच इथलं लक्ष्य. खळग्याच्या तोंडाशी दोन टायरोसिन, 48 आणि 137 क्रमांकाची, दाराच्या दोन फळ्यांसारखी उभी. खळग्याच्या आत साखरेला धरणाऱ्यांमध्ये प्रथिनाचं पहिलंच अमिनो आम्ल आहे, फिनाइलअलानिन, त्याच्या मोकळ्या अमिनो टोकासकट.

हा तपशील पाठ्यपुस्तकात एका ओळीत येतो आणि प्रयोगशाळेत महिनेच्या महिने खातो. प्रथिन शुद्ध करायला सोपं जावं म्हणून सवयीने त्याच्या सुरुवातीला निकेलला चिकटणारं सहा हिस्टिडिनांचं लेबल लावलं की पहिलं अमिनो आम्ल पहिलं राहत नाही. प्रथिन भरपूर मिळतं, जेलवर एकच स्वच्छ पट्टा दिसतो, आणि मॅनोजला ते ढुंकून पाहत नाही. लेबल शेवटीच लावायचं. सुरुवातीला 21 अमिनो आम्लांचा मूळ संकेतखंड तसाच ठेवायचा, म्हणजे प्रथिन दोन पटलांमधल्या जागेत पोचतं, तिथे संकेतखंड नेमका कापला जातो आणि तिसऱ्या व चव्वेचाळिसाव्या सिस्टिनमधला डायसल्फाइड बंधही जुळतो. पेशीच्या आतल्या द्रवात तो जुळणं कठीण. पेशी फोडताना आख्खी सोनिकेट करण्यापेक्षा (ध्वनिलहरींनी फोडण्यापेक्षा) ऑस्मॉटिक शॉक, म्हणजे दाट द्रावणातून एकदम पातळ द्रावणात टाकणं, बरा: 20 टक्के सुक्रोज, ट्रिस आणि ईडीटीए, मग बर्फाळ 5 मिलिमोलर मॅग्नेशियम सल्फेट. इथे आणखी एक खड्डा आहे. द्रावणात ईडीटीए उरलं असताना ते निकेलच्या स्तंभावर चढवलं तर ईडीटीए निकेलच ओढून घेतं आणि प्रथिन सरळ खाली निघून जातं. आधी रात्रभर डायलिसिस (बारीक छिद्रांच्या पडद्यातून ईडीटीए झिरपवून काढणं), मगच स्तंभ.

मुळातली चूक मात्र याहून खोल होती. 1999 मध्ये फिमएचची पहिली स्फटिकरचना आली, फिमसीला धरून ठेवलेल्या अवस्थेत. साखरेच्या खळग्यात त्या वेळी मॅनोज नव्हतंच, स्फटिक वाढवताना वापरलेल्या एका डिटर्जंटचा रेणू जाऊन बसला होता. तरीही खळगा कुठे आहे ते नक्की झालं, पुढे मॅनोजसह रचना आली, आणि त्यानंतर बहुतेकांनी नुसतं पुढचं अंग वेगळं काढून काम केलं. ते सोयीचं आहे: छोटं, स्थिर, फिमसीची गरज नाही. त्यावर मोजमापं झाली. मॅनोजसाठी विघटन स्थिरांक (हा आकडा जितका लहान तितकी पकड घट्ट) सुमारे 2.3 मायक्रोमोलर, मॅनोजला सात कार्बनची शेपटी जोडली तर ती टायरोसिनच्या दारात बसते आणि आकडा सुमारे 5 नॅनोमोलरपर्यंत उतरतो. चिकटण्याचं कोडं सुटलं, असं वाटण्यासारखीच परिस्थिती होती.

2002 मध्ये सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या वेंडी थॉमस, एवगेनी सोकुरेंको आणि व्हायोला फोगेल यांच्या गटाने दाखवलं की फिमएचवाले जिवाणू स्थिर द्रवात सैल धरतात आणि प्रवाह वाढला की घट्ट. लाल रक्तपेशी आणि जिवाणूंचं मिश्रण हलवलं तर गुठळ्या होत, हलवणं थांबवलं की सुटत. 5 नॅनोमोलर आणि 2.3 मायक्रोमोलर या आकड्यांमध्ये या वागण्याला जागाच नव्हती. उत्तर आलं 2010 मध्ये, फिमएच, फिमजी, फिमएफ असं अख्खं टोक जेव्हा स्फटिकात दिसलं तेव्हा. त्यात फिमएचची दोन अंगं एकमेकांवर कललेली होती, पुढचं अंग किंचित आखूड आणि रुंद झालेलं, आणि मॅनोजचा खळगा उघडा, ढिला.

गॅलरीतल्या दोरीवरचा कपड्यांचा चिमटा डोळ्यांपुढे आणा. मागचे दोन दांडे बोटांनी दाबले की तोंड उघडतं, बोटं काढली की मिटतं. फिमएचचं मागचं अंग हे ती बोटं. ते पुढच्या अंगाच्या बुडाशी टेकलेलं असतं तोवर दुसऱ्या टोकाचा खळगा उघडा राहतो आणि साखर येते-जाते. जिवाणू प्रवाहात ओढला गेला की दोन्ही अंगं एकमेकांपासून दूर होतात, पट्ट्यांचा पीळ बदलतो आणि कित्येक नॅनोमीटर लांबचा खळगा साखरेभोवती मिटतो. खळग्याशेजारचा एक सैल वळसा, 8 ते 16 क्रमांकांदरम्यानचा, आत झेपावून साखरेला दाबून धरतो. वेगळं काढलेलं पुढचं अंग म्हणजे कधीच बोटं न लागलेला चिमटा. तो कायम मिटलेलाच दिसणार. आणि 1999 च्या स्फटिकात फिमसी दोन अंगांच्या मध्ये पाचरीसारखं घुसून त्यांना टेकू देत नव्हतं. म्हणजे इतकी वर्षं तपासली गेली ती सगळी घट्ट अवस्थाच. स्फटिक खोटं बोलला नव्हता, त्याला विचारलेला प्रश्न तुकड्याचा होता. कोणती रचना कोणत्या तुकड्यावरून आली, सोबत काय बांधलेलं होतं, खळग्यात कोण बसलं होतं, हे पाहिल्याशिवाय कुठल्याही चित्रावर विसंबू नये, असं मला फार मनापासून वाटतं.

दोन्ही रचना प्रोटीन डेटा बँकेत कुणालाही मोफत पाहता येतात: 1999 ची १क्यूयूएन (1QUN), 2010 ची ३जेडब्ल्यूएन (3JWN). कायमेराएक्स या रेणू पाहण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही उघडा, पण एकमेकांवर बसवताना अख्ख्या साखळीवर बसवू नका, तसं केलं तर सगळंच सरासरीत पुसट होतं. फक्त मागचं अंग, 160 पासून पुढचं, जुळवा. पुढच्या अंगाचा कल एकदम डोळ्यांत भरतो. मग फक्त पुढचं अंग जुळवा आणि 8 ते 16 चा वळसा रंगवा. पुण्यातल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदवीच्या मुलांना एका दुपारी हे दाखवता येतं. साधा लॅपटॉप पुरतो. याच हालचालीचं अणुपातळीवरचं सिम्युलेशन करायचं ठरलं तर मात्र पाषाणच्या आयसरमधल्या परम ब्रह्मासारखा महासंगणक लागतो, आणि नवी रचना काढायची तर द्रव नायट्रोजनच्या तापमानाला गोठवलेले स्फटिक इंदूरच्या इंडस-2 सिंक्रोट्रॉन या प्रखर क्ष-किरण देणाऱ्या यंत्रापर्यंत न्यावे लागतात.

जिवाणूला सैल पकड कशाला हवी, असा प्रश्न पडतो. लघवीतच त्याचं उत्तर आहे. लघवीत युरोमोड्युलिन नावाचं प्रथिन लांब धाग्यांच्या रूपात तरंगत असतं आणि त्याच्यावरही मॅनोजच्या शाखा असतात. ते शरीराने टाकलेलं आमिष आहे. कायम मिटलेला चिमटा त्याच आमिषाला अडकून वाहून जाईल. सैल पकड आमिष सोडू शकते, अस्तरावर इकडून तिकडे सरकू शकते, आणि लघवीची धार आली की जिथे असेल तिथे रुतते. मूत्रमार्गात राहणाऱ्या वाणांच्या फिमएचमध्ये जे बदल निवडले गेलेले दिसतात, 27, 62, 163 या जागांवर, ते खळग्यात नाहीत. खळगा जवळजवळ सगळ्या वाणांत तसाच राखलेला आहे. बदल होतात ते दूरवर आणि त्यांनी चिमटा किती सहज मिटतो ते बदलतं. कुलूप तेच ठेवून बिजागरीला तेल घालण्यासारखं.

या एका हालचालीमुळे औषधांची दिशा बदलते. मिटलेल्या अवस्थेतल्या फिमएचविरुद्ध तयार झालेली काही प्रतिपिंडं त्या अवस्थेलाच टेकू देतात, आणि जिवाणू जास्त घट्ट चिकटतो. लस बनवताना कोणता तुकडा टोचायचा, हा म्हणून क्षुल्लक प्रश्न नाही. 2013 मध्ये वर्णन केलेलं एक प्रतिपिंड खळग्याच्या कडेला असं बसतं की त्याला मिटूच देत नाही. त्याने चिकटलेले जिवाणूही सुटले.

लक्ष्मी रस्त्यावरच्या औषधाच्या दुकानांत डी-मॅनोजच्या पुड्या मिळतात आणि बऱ्याच जणी त्या विश्वासाने घेतात. कल्पना सरळ आहे: खळगे साखरेने भरून टाका. पण 2024 मध्ये ब्रिटनमधल्या 598 स्त्रियांवर झालेल्या चाचणीत, सहा महिने रोज 2 ग्रॅम मॅनोज घेणाऱ्यांपैकी 51.0 टक्क्यांना पुन्हा डॉक्टरांकडे जावं लागलं आणि दुसरी साखर घेणाऱ्यांपैकी 55.7 टक्क्यांना. हा फरक योगायोगाच्या मर्यादेतच पडतो. सुटी मॅनोज जिवाणूला ओढत नाही, म्हणून तिच्यासाठी चिमटा नीट मिटतही नाही, असं रचना पाहिल्यावर मला वाटतं. ताप, कंबरेत कळ, लघवीत रक्त असेल तर पुडीवर दिवस काढू नयेत. लघवीचं कल्चर करून योग्य प्रतिजैविक घ्यावं.

सगळेच जिवाणू या वाटेने जात नाहीत. पायोजेनिस या स्ट्रेप्टोकॉकसच्या पिलायमध्ये लायसिन आणि अस्पराजिन यांच्यात आपोआप पक्का सहसंयुज बंध जुळतो, हे 2007 मध्ये दिसलं. त्वचेवरचा स्टॅफिलोकॉकस एसडीआरजी या प्रथिनाने फायब्रिनोजेनचं टोक आत घेऊन वरून कुलूप लावतो, आणि तो बंध तोडायला 2 नॅनोन्यूटनहून जास्त बल लागतं. सहसंयुज बंध तोडायला लागतं तितकं. बल इतकं प्रचंड, पण मला फिमएचची चतुराई जास्त भावते. ते सोडूही शकतं.

आणि ती नुसत्या डोळ्यांनी दिसते. लागतात दोन गोष्टी: ई. कोलायचा प्रयोगशाळेतला निरुपद्रवी के-12 वाण आणि बेकरीतलं यीस्ट. यीस्टच्या भिंतीवर मॅनन असतं, म्हणजे मॅनोजचीच माळ. जिवाणू एलबी ब्रॉथ या पोषक द्रवात 37 अंशांवर 24 तास वाढवायचे, पण न हलवता. मग हजारात एक या प्रमाणात ताज्या ब्रॉथमध्ये घेऊन आणखी 24 तास, पुन्हा न हलवता. हे टाळलं तर प्रयोग फसतो. पिलायचं बटण 314 बेसजोड्यांचा एक डीएनए-तुकडा उलटा-सुलटा होऊन चालू-बंद होतं. स्थिर ब्रॉथमध्ये ते चालू असलेले जिवाणू वरचढ होतात, तर अगरच्या घट्ट थरावर वाढवलेल्यांत बहुतेकांचं बंद असतं. नंतर हळू सेंट्रिफ्यूज करून जिवाणू पीबीएसमध्ये (फॉस्फेटच्या खारट द्रावणात) दोनदा धुवायचे, कारण ब्रॉथमधल्या यीस्ट एक्स्ट्रॅक्टमध्येही मॅनन असतं. व्होर्टेक्स (नळी गरगर हलवणारं यंत्र) जोरात लावायचा नाही, पिलाय तुटतात. शेवटी पीबीएसमध्ये दुधासारखं दाट मिश्रण करायचं. यीस्ट मिलिलिटरला 10 मिलिग्रॅम.

काचपट्टीवर तीन जागी थेंब ठेवा. पहिल्यात यीस्ट आणि नुसतं पीबीएस. इथेच गुठळ्या दिसल्या तर यीस्ट आपसांत चिकटतंय, दुसरं पाकीट उघडा. दुसऱ्यात यीस्ट आणि जिवाणू, 25-25 मायक्रोलिटर. तिसऱ्यात तेच, पण आधी जिवाणूंमध्ये 2 टक्के मॅनोज मिसळलेलं. आता काचपट्टी हातात घेऊन हळू डोलवा, काळ्या कागदावर धरून. पहिला आणि तिसरा थेंब दुधाळच राहतो. दुसऱ्यात मिनिटभरात पांढरे कण जमू लागतात, मग त्यांची रवाळ दह्यासारखी चकती होते आणि मधला द्रव स्वच्छ होत जातो. डोलवणं थांबवा आणि तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला पुन्हा पाहा. वाण कोणता आहे त्यावर कडा किती सैल होतात ते ठरतं.